लेकीच्या घरचं पाणी

अहो, तुम्ही गेल्यापासून घरात रोज मॉरिशस येतंय.

भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तुमच्या फोटोपुढं हात जोडतो, सतरंजीवर टेकतो आणि सुरू करतो. "वैनी, काय माणूस होता! भवानी पेठेतनं मॉरिशस बघून आलेला पहिला माणूस." मग कासवं येतात, पाठीवर माणूस बसला तरी ज्यांना पत्ता नसतो, ती. मग परातीएवढी कमळाची पानं. मग सात रंगांची माती. समोरच्या बोळातले नरसय्या, ज्यांना मागाच्या खटखटीनं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तेसुद्धा मला हातवारे करून सांगून गेले की तिथं लाटा लांब समुद्रातच फुटतात आणि काठाशी पाणी आपल्या सिद्धेश्वर तळ्यासारखं गप उभं राहतं. मी मान हलवून ऐकून घेतलं. पण परवा एका बाईनं हद्द केली. म्हणाली, "तुमाला पण न्यायला पायजे होतं की हो त्यांनी एकदा."

मी पण गेले होते की!

तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसून गेले होते. पण तुम्ही दुकानाच्या गादीवर बसून गिऱ्हाइकाला चादरी उलगडून दाखवता दाखवता चार वर्षं जी गोष्ट सांगितलीत, तिच्यात मी नव्हतेच. "मी गेलो, मी पाहिलं, मी म्हटलं." ऐकणाऱ्याला वाटावं, हा बुवा एकटाच उडाला होता. मी आतनं चहा पाठवायची आणि हसायची. त्या गोष्टीत आणखी काय काय नव्हतं, ते मला आत्ता कळलंय, तुमच्या दहाव्याच्या दुपारी. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं लई साठलंय. तुम्ही असताना कुठलीही गोष्ट अंगाशी आली की "बरं, ते जाऊ दे" म्हणून चपला घालून बाहेर पडायचात. आता कुठं जाल?

तर पहिल्यापासून ऐका.

जावईबापू इथल्या कॉलेजात शिकायला आले होते. त्यांच्या पणजोबांना इंग्रजांनी कोकणातनं उसाच्या कामाला मॉरिशसला नेलं आणि ती माणसं तिथलीच झाली. मराठी बोलायचे, पण जुनं जुनं, आपली आजी बोलायची तसलं. थंडीच्या दिवसांत आपल्या दुकानात चादर घ्यायला आले. "चादर घ्यायला आला आणि पोरगी घेऊन गेला," हे तुम्ही पुढं सगळ्यांना हसत सांगायचात. मला तेव्हाही हसू आलं नाही. मी म्हणाले, "अहो, एकुलती एक पोर. जेऊरचं स्थळ होतं, तिथं दिली असती तर सकाळच्या गाडीनं जाऊन दिवेलागणीला परत आले असते." तुम्ही म्हणालात, "जेऊरच्या गाडीपेक्षा विमान बरं, वेळेवर तरी येतं." झालं! माझं तोंड बंद. तुमच्याशी भांडायला बसलं की तुम्ही एक विनोद करायचात, चार माणसं हसायची आणि मी हरायची. ते भांडण तसंच अर्धवट पडलंय बघा, ताटात राहिलेल्या घासासारखं.

शैला लग्न होऊन तिकडं गेली. मग तिची पत्रं यायची, मोठ्ठी, दोघांच्या नावानं. दोनदा दिवस गेले तिला, आणि दोन्ही खेपेला तिसऱ्या महिन्यात पडलं. तिथं तिच्या डोक्यावरनं हात फिरवायला कुणी नाही, सासू कधीच वारलेली. मी म्हणाले, "मला तिच्याकडं न्या. मला दुसरं काही नको." आणि तुम्ही नेलंत. हे मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. दुष्काळ नुकता कुठं सरला होता, दुकानात माशा मारायची वेळ, पेठेतली माणसं म्हणाली याला वेड लागलंय, तरी नेलंत. त्याबद्दल तुमच्या पायावर डोकं ठेवलं होतं मी. आजही ठेवीन. पण पुढचं ऐकून घ्यावं लागेल.

तिकिटं हातात आली आणि तुम्ही रीत काढलीत. सासूबाईंची रीत. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. माझ्या माहेरी मोडनिंबला हे असलं काही नव्हतं हो. माझे वडील बाजाराला सोलापुरात आले की ज्वारीचं पोतं आपल्या ओट्यावर टाकायचे आणि लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासनं सरळ पाटावर येऊन बसायचे. "वाढ गं इंदे, लई भूक लागलीया," म्हणायचे. आतल्या खोलीत सासूबाई भांडी आपटायच्या. तुम्ही मात्र माझ्या वडिलांना आग्रह करून करून वाढायचात, तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस वेगळा आहे.

मी म्हणाले, "अहो, समुद्र ओलांडून जायचं आणि पोरीच्या दारात उपाशी बसायचं? तिचं दोनदा पडलंय. मूल नाही म्हणून तुझ्या हातचं खात नाही, असं तिच्या तोंडावर सांगायला चाललोय का आपण?"

तुम्ही म्हणालात, "तसं नसतं ते. रीत ती रीत. आईनं पाळली, आपण पाळायची. उद्या पेठेत कुणी विचारलं तर?"

पेठ काय विमानात बसून येणार होती?

पण तुम्ही शपथ घातलीत. स्वतःची. आणि नवऱ्याची शपथ मोडायची छाती मला नव्हती. मग काय, सोलापूरचं माणूस परमुलखात काय नेणार, कडक भाकरी! मी आणि नरसय्यांची बायको, दोघी बसलो. पातळ थापायच्या, भाजायच्या, परत मंद आचेवर कडक करायच्या. आपल्या हवेत महिनाभर त्यांना काही होत नाही. पत्र्याचा डबा भरून भाकरी, बरणी भरून शेंगाची चटणी. मुंबईला विमानतळावर त्या अधिकाऱ्यानं भाकरी बोटानं वाजवून बघितली. तुम्ही म्हणालात, "साहेब, खायची वस्तू आहे," आणि त्याच्यासमोर कडाकडा चावून दाखवलीत. तो बिचारा दोन पावलं मागं सरला. मी पदर तोंडात धरून हसले होते. आठवतंय?

आणि विमान उठलं तेव्हा तुम्ही माझा हात धरला होतात. चारचौघांत. लग्नात धरलात त्यानंतर पहिल्यांदाच. तुमच्या तळहाताला घाम आला होता. "घाबरू नको," असं मला म्हणत होता. मी कुठं घाबरले होते? पण मी म्हणाले, "बरं झालं धरलात."

शैलाचं गाव क्युरपीप, उंचावर, ढगात बसलेलं. सारखी आपली भुरभुर. आपण एका म्हाताऱ्या चिन्याच्या लॉजवर उतरलो, तिच्या घरापासनं दोन गल्ल्यांवर. पहिल्या संध्याकाळी गेलो तर तिनं रांगोळ्या घातलेल्या, पाट मांडलेले, उदबत्ती लावलेली. किती वाळली होती हो! गालफडं वर आलेली. मला मिठी मारून म्हणाली, "आई, हात धू. आधी जेवायचं, मग बोलायचं." मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही हसलात, तुमचं ते दुकानातलं हसू, आणि म्हणालात, "आमचं झालंय गं लॉजवर. तुझ्या आईनं सगळं बांधूनच आणलंय."

शैलानं माझ्याकडं बघितलं. तुमच्याकडं नाही, माझ्याकडं. मला वाटलं, लेक आहे, आईकडंच बघणार. जावईबापू पाण्याचे पेले घेऊन उभे होते. त्यांनी ते तसेच आत नेले.

पुढचे दिवस आपण पाहुणे होतो. नुसते पाहुणे नाही, प्रवासी. जावईबापू सुट्टी काढून आपल्या लहानशा गाडीतनं हिंडवायचे. त्यांनी तळं दाखवलं, जिथल्या पाण्याला तिथले लोक गंगा मानतात. ती बाग दाखवली, ती माती, ती कासवं. सगळीकडं ऊस, डोंगराच्या गळ्यापर्यंत ऊस. शैला मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसायची, मांडीवर डबा घेऊन. सकाळी उठून आपल्यासाठी करायची आणि परत घरी न्यायची. एकदाही बोलली नाही. पोरगी माझ्यावर गेलीय.

पहिल्यांदा समुद्र बघितला तो दिवस मला पुसून टाकता येत नाही, म्हणून जास्त राग येतो. तुम्ही धोतर गुडघ्यापर्यंत खोचून आत शिरलात आणि मोठ्यानं ओरडलात, "इंदू, ह्याला पलीकडं काठच न्हाय की गं!" दोन वर्षं टँकरमागं घागर घेऊन धावलेली मी. एवढं पाणी बघून मला रडू फुटलं. तुम्ही परत आलात, ओल्या हातानं माझे डोळे पुसलेत, ते आणखीनच चुरचुरले. तुम्ही म्हणालात, "एवढं पाणी, पण पिता येत नाही बघ." मागं शैला उभी होती, हातात पाण्याची बाटली घेऊन. घरनं भरून आणलेली. तिनं ती वाळूत ओतून टाकली. तुम्ही बघितलंत का, मला माहीत नाही. मी बघितलं.

मग भाकरीनं दगा दिला. सोलापूरच्या हवेत महिना टिकणारी भाकरी, तिकडच्या ओलीनं आठवडाही काढला नाही. आधी मऊ पडली, मग वास मारायला लागली, मग हिरवी. डबा उघडून मी कपाळाला हात लावला. म्हणाले, "जिथं भाकरी टिकत नाही तिथं रीत कसली टिकवताय? चला आता पोरीकडं." तुम्ही म्हणालात, "भाकरी वेगळी, रीत वेगळी," आणि मला बाजारात घेऊन गेलात. तिथं सायकलवर काचेची पेटी लावून एक माणूस दालपुरी विकत होता. आपल्या पुरणपोळीसारखी डाळ भरलेली, पण गोड नाही, वरनं झणझणीत रस्सा. कागदात घेऊन आपण रस्त्यात उभ्यानं खाल्ली. पोटात आग पडली होती, लपवू कशाला, चांगली लागली.

आणि समोरनं शैला आली. भाजीची पिशवी घेऊन.

ती तुमच्यापाशी नाही थांबली. माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "परक्याच्या हातची चालते, आई?"

"अगं बाळा..."

"मूल नाही म्हणून माझ्या घरचं पाणीपण विटाळलंय का?"

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही त्या सायकलवाल्याला खुणेनं आणखी एक मागत होता. मी म्हणाले, "रीत आहे, बाळा." एवढंच. तुमचं नाव घेतलं नाही. चारचौघांत नवऱ्याला उघडं पाडायचं नाही, हे मोडनिंबचं शिक्षण. शैला पिशवी उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. तुम्ही म्हणालात, "तू पड, मी जरा पोरीला भेटून येतो." दिवेलागणीला परत आलात, हातात लिचीचा घोस. चेहरा उतरलेला असेल असं मला वाटलं होतं, पण तुम्ही प्रसन्न होता. मी म्हणाले, "काही खाल्लंत का कुठं?" तर म्हणालात, "भूकच नाही आज." मला वाटलं, मी आजारी म्हणून या माणसाच्या गळ्याखाली घास उतरत नाही. माझे डोळे भरून आले. तापात उठले, भिंतीला धरत धरत, आणि तुम्हाला केळं सोलून दिलं. ते केळंसुद्धा खाल्लंत हो!

निघताना विमानतळावर शैला तुमच्या गळ्यात पडून रडली. माझ्या पायाला बोटं लावली आणि बाजूला झाली. त्यानंतर पत्रं तुमच्या एकट्याच्या नावानं यायला लागली. प्रिय अप्पा, प्रिय अप्पा. शेवटी कोपऱ्यात, आईला नमस्कार. तुम्ही ती दुकानात मोठ्यानं वाचून दाखवायचात. चार वर्षं मी विचारत राहिले. चूल पेटवताना विचारलं, तुमचं अंग चेपताना विचारलं, सिद्धेश्वराच्या पायरीवर बसून विचारलं, "अहो, पोरगी माझ्यावर का रुसलीय? माझं काय चुकलं?" तुम्ही दर खेपेला म्हणालात, "तुला उगीच वाटतं. लांब राहिल्या की पोरी अशाच होतात. बरं, ते जाऊ दे."

चार वर्षं, अहो. तुमच्या डोळ्यांदेखत मी झुरत होते आणि तुम्ही बघत होता.

मग तुम्ही गेलात. दुकानात, चादरीची घडी घालता घालता, अर्धी घडी हातात. पेठेतली माणसं म्हणतात, भाग्यवान, कुणाला त्रास दिला नाही. तार केली, पण शैला येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. ती एकटीच आली, जावयाला रजा मिळाली नाही. तुमच्या गादीवर डोकं टेकून हंबरडा फोडला तिनं. मग डोळे पुसून सामान काढलं. एक पत्र्याचा डबा निघाला. "आमच्याकडची साखर," म्हणाली. "अप्पांसाठी घेऊन ठेवली होती. आता शेजारी देऊन टाक. तुला चालायची नाही." मी तो फळीवर ठेवला. तेव्हाही मला कळलं नाही. मठ्ठच म्हणायची मी.

दहाव्याला तुमच्या आवडीचं म्हणून भरलं वांगं केलं होतं. सगळं उरकल्यावर दुपारी आम्ही दोघीच जेवायला बसलो. शैला घास हातात धरून म्हणाली, "अप्पांना माझ्या हातचं वांगं आवडलं होतं. दोनदा मागून घेतलं."

मी म्हणाले, "लहानपणी करायचीस तेव्हा?"

"नाही. तिकडं आले होते तेव्हा. तू तापानं पडली होतीस ना, त्या दिवशी. पाटावर बसून पोटभर जेवले. वर ताक प्यायले." आणि माझ्याकडं वर बघून म्हणाली, "तुला सांगायचं नाही म्हणाले होते. म्हणाले, तुझी आई रीतीभातीला लई कडक आहे, मोडनिंबची माणसं तसलीच. तिच्यापुढं माझं काही चालत नाही बघ शैले. माझं मन नाही त्या रीतीत, पण तिला कळलं तर जीव देईल."

वाढायला घेतलेली पळी मी परत भांड्यात ठेवली.

अहो, मोडनिंबची माणसं? माझे वडील, जे पाटावर बसून "वाढ गं" म्हणायचे, ती माणसं? तुमच्या आईची रीत, तुमची शपथ, तुमची पेठ, आणि नाव माझं? माझ्या पोरीच्या तोंडावर?

मी शैलाला सगळं सांगितलं. शपथेचं, भाकरीचं, बाजाराचं. शांतपणे सांगणार होते, पण आवाज चढला. तिनं सगळं ऐकून घेतलं. ताटात हात धुतला. मग अगदी हळू म्हणाली, "आई, अप्पा गेले आता. गेलेल्या माणसावर कशाला घालतेस?"

हे ऐकायला जगले मी! साक्षीला कुणाला बोलावू? सासूबाई वर, माझे वडील वर. राहिलात तुम्ही, तर तुम्ही हाराखाली, हसताय.

तेव्हापासनं मी तुमच्याशी भांडतेय. भाजी निवडताना भांडते, नळावर भांडते. एकदा वाटतं, तुमचा दोष तरी काय होता, पोरीचं वाळलेलं तोंड बघवलं नसेल. तिनं ताट पुढं केलं असेल आणि बापाचं काळीज विरघळलं असेल. विरघळलं ते बरंच झालं. तुम्ही जेवलात याचं मला काडीचं दुःख नाही, देवाशपथ नाही. निदान एक दिवस तरी तिच्या घरात आईबापापैकी कुणी जेवलं. पण मग मला का नाही नेलंत? तापात नेलं असतंत तरी आले असते. रांगत आले असते. एवढंच म्हणायचं होतं ना, "इंदू, गेली ती रीत खड्ड्यात, चल, पोर वाढतेय." मी पण आई होते की तिची! पण तसं केलं असतं तर रीत तुम्ही मोडली असं झालं असतं. त्यापेक्षा बायको कर्मठ ठरलेली बरी. पेठेतही इज्जत राहिली आणि लेकीचं वांगंही मिळालं. व्यापारी माणूस तुम्ही, दोन्हीकडनं बरोबर राहिलात.

आणि तरी सकाळी मिलचा भोंगा झाला की मी दोन कप मांडते. सवय. मग एक परत ठेवते. तुमच्याशिवाय घर खायला उठतं हेही खरंच आहे, ते कुणाला सांगू?

शैलाच्या जाण्याच्या सकाळी मी फळीवरनं तो डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं, उचटण्यानं उघडलं. जाड दाण्याची तांबूस साखर, काकवीसारखा वास. चहा टाकला आणि तीच साखर घातली. शैला केस विंचरत दारात आली आणि थबकली.

"आई, ती माझ्या घरची साखर आहे."

"ठाऊक आहे."

"चालते तुला?"

मी म्हणाले, "मला कधी चालत नव्हती गं?" आणि बशीत ओतून तिच्यासमोर प्यायले. गोड लागली का विचारू नका. पण बशी संपवली.

तिनं माझ्याकडं बघितलं. फणी केसातच अडकलेली. मग येऊन समोर बसली आणि म्हणाली, "मला पण दे." आम्ही दोघींनी चहा घेतला. तुमचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. तिला पटलं की नाही, मी विचारलं नाही. विचारून पटत नसतं.

स्टेशनवर गाडी हलायला लागली तेव्हा ती खिडकीतनं म्हणाली, "आलीस तर लॉजवर उतरायचं नाही."

मी म्हणाले, "मोडनिंबच्या माणसाला लॉज कशाला लागतंय?"

ती हसली की रडली, गर्दीत नीट दिसलं नाही.

तर मी जाणार आहे. पेठेत कुणी विचारलं तर विचारू दे. भाकरी नेणार नाही. तिच्या दारात पाय ठेवल्या ठेवल्या आधी पाणी मागणार आहे, तांब्याभर. मूल होतंय का नाही, ते तिचं ती आणि देव बघेल. परत आले की कासवांची गोष्ट मी माझी सांगेन, आणि माझ्या गोष्टीत तुम्ही असाल, काळजी करू नका. समुद्रात धोतर खोचून ओरडणारे तुम्ही असाल. हात धरणारे असाल. बाकीचं मी पेठेला सांगायची नाही. तेवढं मोडनिंबचं शिक्षण अजून आहे माझ्यापाशी.

सगळे म्हणतात, फोटोपुढं रोज सकाळी त्यांच्या आवडीचा चहा ठेवत जा. ठेवते हो. तुम्हाला दोन चमचे साखर लागायची, घरात सगळ्यांना माहीत आहे. आता बिनसाखरेचाच मिळेल. लेकीच्या घरचं तुमचं खाऊन झालंय. हा डबा माझा आहे.